चांदा ते आरमोरी : एका मोटारीची उलटतपासणी

चांद्याच्या जटपुरा दरवाज्यातून माझी मोटार बाहेर पडली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं उभी होती. निरोप द्यायला नव्हे. ती कुठे बंद पडते आणि ढकलायचा मान कोणाला मिळतो, हे पाहायला.

तुम्हा पुणेकरांनी ही मोटार पाहिलेली नाही, तेव्हा आधी तिची ओळख. लढाईच्या आधीची विलायती शर्यतगाडी. बैठका दोन, रंग मूळचा हिरवा, आता शेवाळी. नाक भलं लांब, दारं गुडघ्याएवढी, छप्पर असून नसल्यासारखं. बल्लारशाकडचा लाकडाच्या धंद्यातला एक साहेब मायदेशी जाताना ती मला विकून गेला. किल्ली हातात देताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते वियोगाचं असावं, असा माझा बरेच दिवस समज होता. आमच्या बार-रूममधले वकील तिला 'चहाची किटली' म्हणतात, कारण आधी वाफ दिसते, मग आवाज येतो आणि सर्वांत शेवटी मी.

त्या दिवशी माझ्या शेजारी सोमाभाऊ बसले होते. हे आरमोरीकडचे धानाचे शेतकरी. एका बोडीच्या (शेतातल्या लहान तळ्याच्या) पाण्यावरून चाललेल्या दाव्यात विरुद्ध बाजूचे साक्षीदार म्हणून ते चांद्याला आले होते आणि त्यांची उलटतपासणी माझ्याकडे होती. आता, पाण्याच्या दाव्यात बैलांचा काय संबंध? काही नाही. पण न्यायाधीश नवे होते आणि त्यांच्यावर छाप पाडायची मला घाई झाली होती. मी सोमाभाऊंना विचारलं, त्या दिवशी बोडीवर तुमचे बैल होते ते कोणत्या रंगाचे? या माणसाचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी बैलांचा रंग सांगितला, शिंगं सांगितली, आईबाप सांगितले, आणि माझी तपासणी संध्याकाळी अर्धवट राहून दुसऱ्या दिवशी सकाळवर गेली. सकाळी ती संपेपर्यंत आरमोरीची मोटारबस निघून गेली होती.

कोर्टाच्या पायऱ्यांवर सोमाभाऊ डोक्याला हात लावून बसले तेव्हा मला कळलं की मी काय करून ठेवलं आहे. त्याच दिवशी त्यांच्या गावी शंकरपट होता. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. धानाची कापणी आटोपली की या झाडीपट्टीत गावोगाव पट भरतात, आणि लग्नाला न येणारे पाहुणे पटाला येतात. सोमाभाऊ धुरकरी (शर्यतीत जोडी हाकणारे). मागच्या साली ऐन धावेत ते छकड्यावरून पडले होते. तेव्हाच घरात ठरलं की यंदाचा पट त्यांचा शेवटचा. पुढे कासरा पुतण्याच्या, विठोबाच्या हाती. आणि आज ते वेळेवर पोचले नाहीत तर विठोबा याच साली उभा राहणार होता.

"म्हंजे मंग माही शेवटची धाव कोनती?" सोमाभाऊ म्हणाले. "मांगच्या सालची. पडलो ते."

यावर कोणताही शहाणा वकील 'वाईट झालं' म्हणून घरी जेवायला गेला असता. मी म्हणालो, दिवस बुडायच्या आत तुम्हाला गावात सोडतो. साक्ष संपली होती, त्यामुळे कायद्याची हरकत नव्हती. हरकत मोटारीची होती, पण तिला विचारलं कोणी?

चांदा मागे पडलं आणि मूल गावच्या रस्त्याला सागाचं रान सुरू झालं. माघाची थंडी, दोन्ही बाजूंना पानं गळालेले साग, मध्येच एखादा हिरवागार मोह, आणि रस्त्यावरून धान वाहणाऱ्या बंड्यांची (बैलगाड्यांची) रांग. मी टोपी मागे सारून गाणं म्हणायला तोंड उघडलं आणि मोटारीनेच वरचा सूर लावला. चीं... चीं... चीं. पुढच्या अंगाने, नाकातून.

मी गाडी थांबवली. बंद पडणं वेगळं आणि थांबवणं वेगळं. हा फरक सोमाभाऊंनी लक्षात घ्यावा म्हणून मी तो दोनदा सांगितला. मग बॉनेट उघडून तपासणी सुरू केली. आवाज केव्हा येतो? इंजिन जोरात फिरलं की. बंद केव्हा होतो? हळू फिरलं की. कोठून येतो? मी कुंकवाच्या झाडाची एक काटकी तोडली, तिचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं. साहेबाने ही युक्ती मला शिकवली होती. काटकीच्या आत मुंग्या होत्या, हे साहेबाने शिकवलं नव्हतं. कान झाडून झाल्यावर मी निकाल दिला : पंख्याचा पट्टा.

निकाल बरोबर होता, हे मुद्दाम नमूद करतो, कारण त्या दिवशीचा माझा हा एकच बरोबर निकाल. रेडिएटरमधलं पाणी गार ठेवायला त्याच्या मागे पंखा असतो, त्याला फिरवणारा रबरी पट्टा सैल झाला की तो घसरतो आणि ओरडतो. उपाय म्हणजे पट्टा ताणणे. पण त्याला पाना लागतो, आणि पाना मी बार-रूममध्ये अक्रोड फोडायला ठेवला होता.

"रडून राह्यली," सोमाभाऊ कान देऊन म्हणाले. "चाक रडते तवा तेल मागते. आमची बंडी बी असीच."

तेवढ्यात एक बंडी आलीच. प्रत्येक बंडीखाली वंगणाचा बांबूचा नळा टांगलेला असतो. गाडीवानाने तो मोठ्या मनाने पुढे केला. मी पट्ट्याला करंजाचं तेल चोपडलं, भरपूर, आतून-बाहेरून. इंजिन सुरू केलं. एक शब्द नाही! अशी शांतता त्या मोटारीत साहेबाच्या काळीही नांदली नसेल. गाडीवान हसला, सोमाभाऊ हसले, मी तर इतका खूष झालो की मूलपर्यंत घशाला विश्रांती दिली नाही. पट्टा ओरडत नाही याचं कारण तो आता पंख्याला धरतच नाही, नुसता गुळगुळीत फिरतो आहे, आणि पंखा मजेत उभा आहे, हे आम्हा तिघांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. आजारी माणूस कण्हायचा थांबला की बरा झाला असं समजणारे वैद्य तुम्ही पाहिले असतील. आम्ही तिघे होतो.

मूलला चहा घेतला. पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळं गाव मोटारीभोवती जमलं. एकाने विचारलं, ही एवढी लांब आणि माणसं दोनच, मग बाकी आत काय भरलं आहे? मी म्हणालो, घोडे. त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, घोडे नाहीत, भात शिजतो आहे. सगळे हसले, मीही हसलो. खरोखरच आतून गुडगुड येत होती. मी ती चांगली भूक लागल्याची खूण समजलो.

सावली गावाच्या अलीकडे गुडगुडीची खदखद झाली. मग नाकावरच्या टोपणातून वाफ, मग रस्ताच दिसेना. सोमाभाऊ उभे राहून काचेवरून मला दिशा सांगू लागले, 'ह्योऽ डावा, ह्योऽ उजवा', बैलांना सांगतात तशी. असे आम्ही एका खळ्याशी येऊन पोचलो. तिथे धानाची मळणी चालली होती. तीन दगडांच्या चुलीवर मोठा गंज (पातेलं) ठेवून एक बाई मळणीवाल्यांचा भात पसवत होती.

मी पाणी मागितलं, पण गरम. मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापलं आहे की तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, लोखंड तडकतं. पुस्तकातलं हे एवढं एकच वाक्य मला पाठ होतं आणि ते वापरायची संधी मी सोडणार नव्हतो. बाईने माझ्याकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं.

"गरम पानी आता कुठून आनू भाऊ? पेज हाय, चुलीवरची," ती म्हणाली. "बिमार हाय ना ते? बिमाराले पेजच देते."

पेज म्हणजे शिजलेल्या भातातून पसवलेलं, गाळून काढलेलं पाणी. आता माझी बुद्धी पाहा. थांबलो असतो, इंजिन निवू दिलं असतं, तर शेजारच्या विहिरीचं पाणी चाललं असतं. पण सोमाभाऊ वर सूर्याकडे पाहत होते आणि एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं मोडत होते. पेजेत काय असतं? पाणी. ती कशी आहे? गरम. पुस्तकात पेजेला बंदी आहे? नाही. मी स्वतःशीच असा युक्तिवाद केला, स्वतःच मान डोलावली आणि गंजभर पेज रेडिएटरमध्ये ओतली. बाईने सवयीने त्यात आधी मीठ घातलं होतं. मळणीवाले काम टाकून पाहत उभे राहिले. एका म्हाताऱ्याने सल्ला दिला की सोबत थोडा आंब्याचा रायता (लोणचं) द्या, तोंडाला चव येते.

आणि ऐका, मोटार बरी झाली! रेडिएटरच्या खालच्या अंगाने एक जुनी ठिपकणारी गळती होती, ती पेजेने भरून आली. पट्ट्यावरचं तेलही धुळीने खाल्लं असावं. तो पुन्हा चीं म्हणाला आणि पंखा हलला. आम्ही दोघं रस्त्यात नाचायचेच बाकी होतो. फक्त एका बारीक नळीतून थेंब थेंब पेज बाहेर येत होती. ही दुसरी गळती, असं मी निदान केलं. सोमाभाऊंनी बांबूची खुंटी तासली आणि मी ती त्या नळीत दगडाने ठोकून बसवली. ती नळी वाफ बाहेर जाण्यासाठीच ठेवलेली असते, ही गोष्ट त्याच पुस्तकात पुढच्या पानावर होती.

वैनगंगेला या दिवसांत पाणी थोडं आणि वाळू फार. वाळूवर बांबूचे तट्टे अंथरून वाट केलेली असते. त्या वाटेवर आमची मोटार अर्ध्यात रुतली. तिथले नावाडी असे प्रसंग रोज पाहत असल्याने त्यांनी आधी आम्हाला जेवायला बसवलं. झिंगे (नदीतली लहान कोळंबी) घालून केलेली वांग्याची भाजी आणि उकड्या तांदळाचा भात. पुण्यात मी वांग्याला नाक मुरडत असे. तिथे पत्रावळ चाटून पुसली. सोमाभाऊंनी मात्र घास नीट घेतला नाही. ते एकदा पलीकडच्या काठाकडे बघत, एकदा सावल्यांकडे. मी धीर द्यायला म्हणालो की अजून खूप वेळ आहे.

ते म्हणाले, "वकीलसाहेब, बैलाचा रंग काऊन इचारला तुमी?"

रागाने नाही, अगदी साधं विचारलं. दोन दिवस प्रश्न विचारायची पाळी माझी होती, आता त्यांची. मी उठलो आणि नावाड्यांबरोबर धोतर खोचून मोटारीला खांदा लावला. कोर्टाच्या काळ्या कोटावर वाळू आणि पेज यांचा जो थर त्या वेळी बसला, तो आमच्या धोब्याला अजून उलगडलेला नाही.

गडचिरोलीच्या पुढे मोटारीने नवाच आवाज काढला. चीं नाही, गुडगुड नाही. जाड, आळशी, 'पुबुक... पुबुक' असा. खीर घट्ट होत आली की येतो ना, तसा. वासही तोच. धानाचा मुलूख, गावागावातली कुत्री भुकेली. प्रत्येक गावाच्या वेशीवर ती आमच्या मागे लागत आणि पुढच्या गावच्या कुत्र्यांच्या हवाली करूनच परतत. दर वळणावर मी आवाजाचं नवं निदान करी आणि सोमाभाऊ दरवेळी 'असन' म्हणत. पुढे पुबुकही थांबलं आणि एक बारीक शीळ सुरू झाली. ती वर वर चढत गेली. आम्ही थांबलो नाही. थांबलो तर मोटार पुन्हा सुरू होणार नाही, एवढं शहाणपण मला तोवर आलं होतं.

पटाचं मैदान लांबूनच ओळखू आलं. धूळ, फुग्यांचे झुबके, जिलेबीच्या कढया, झाडांवर चढून बसलेली माणसं. पंचांनी हातात झेंडी घेतली होती. ती खाली आली की जोड्या सुटायच्या. शेवटची जोडी लागली होती : एकीकडे देसाईगंजकडचा लहानू, मिशांना पीळ देऊन छकड्यावर बसलेला, दुसरीकडे सोमाभाऊंचे बैल, आणि छकड्यावर कासरा घेऊन विठोबा. तिशीतला, दोन लेकरांचा बाप, पण काकाची वाट पाहून रडवेला झालेला.

मी गर्दीतून मोटार नेऊन एका मोहाखाली उभी केली, म्हणजे ती उभी राहिली. शीळ घालत. सोमाभाऊ दार न उघडताच बाहेर पडले आणि पळत सुटले. गर्दीने वाट दिली. विठोबाने त्यांना पाहिलं आणि एका उडीत खाली उतरला, कासरा त्यांच्या हातात दिला. सोमाभाऊंनी एक पाय छकड्यावर ठेवला. पंचांचा झेंडीवाला हात अजून वरच होता.

त्याच क्षणी माझ्या मोटारीची शीळ थांबली.

मग जो आवाज झाला, त्याचं निदान करायला काटकीची गरज नव्हती. रेडिएटरचं पितळी टोपण तोफेसारखं उडून मोहाच्या शेंड्यात गेलं. वाफेचा लोट उठला आणि झाडाखालच्या सर्व मंडळींवर, फुगेवाल्यावर, जिलेबीवर, माझ्यावर गरम पेजेचा हलकासा शिडकावा झाला. दोन्ही जोड्या उधळल्या. लहानू बसलेला होता, तो सावरला. सोमाभाऊंचा एक पाय छकड्यावर, दुसरा हवेत, आणि बैल वाऱ्यासारखे सुटलेले.

मी डोळे मिटले. या माणसाला मीच वेळेला मुकवलं, मीच धावतपळत आणलं आणि आता मीच पुन्हा पाडणार. गर्दीचा आवाज ऐकत राहिलो. तो आधी एकदम खाली बसला, मग उठला, मग इतका उठला की मला डोळे उघडावे लागले. धुळीच्या पलीकडे, पटाच्या टोकाला, सोमाभाऊ अजून एकाच पायावर होते, दुसरा पाय झेंड्यासारखा बाजूला, आणि त्यांची जोडी लहानूच्या जोडीच्या मानभर पुढे होती.

पंच पेचात पडले. झेंडी पडलीच नव्हती, तेव्हा धाव खरी कशी धरायची? एक म्हणाले की पुन्हा धावा. दुसरे म्हणाले की बैल दमले, दिवसही बुडाला. तिसऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं की हा बार कोणी काढला, आणि मी पेजेने माखलेल्या कोटात जमेल तेवढा दिसेनासा झालो. सोमाभाऊ पुढे झाले. म्हणाले, लहानू म्हणत असेल तर मी पुन्हा उभा राहतो. सगळ्यांनी लहानूकडे पाहिलं.

लहानूने मिशा पुसल्या. "एका पायावर उभं राहून मले हारवलं या मानसानं," तो पंचांना म्हणाला. "आता दोनी पाय ठेवून हारवाले लावता काय? घरी तोंड दाखवाचं हाय मले."

मैदान हसलं, आणि हसता हसता गुलाल उधळला गेला. बैलांवर, सोमाभाऊंवर, आणि कोणीतरी माझ्या मोटारीच्या उघड्या नाकातसुद्धा मूठभर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटरची तपासणी केली तेव्हा आत वडी पडली होती. सुरीने कापावी अशी. आरमोरीच्या सडकेवरून सागाचे लठ्ठे घेऊन चांद्याला जाणारा ट्रक मिळणार होता. त्या सडकेपर्यंत मोटार ओढत न्यायची होती. पटाच्या बैलांना या भागात कोणी ओझं लावत नाही, त्यांना नांगरसुद्धा दाखवत नाहीत. पण सोमाभाऊंनी तीच जोडी आणली. गावातल्या चार जणांनी नाकं मुरडली, तेव्हा ते म्हणाले की या गाडीने मला आणलं, माझे बैल तिला सडकेपर्यंत नेतील, त्यात कोणाचं काय जातं.

कासरा मात्र त्यांनी विठोबाच्या हातात दिला आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन बसले.

किती सुंदर चालते ती मोटार, इंजिन बंद असलं की! धुक्यातून दोन पांढरे बैल, त्यांच्यामागे विठोबा पायी, मागे दोर, मागे आम्ही. कापून झालेल्या धानाच्या बांध्या (बांध घातलेले शेताचे तुकडे) दोन्ही बाजूंना पसरलेल्या. आवाज एकच, बैलांच्या घुंगरांचा, आणि त्याचं निदान करायला मला कोणी सांगत नव्हतं. मी चांद्याला गेल्यावर बार-रूममध्ये ही हकीकत कशी रंगवायची याची जुळवाजुळव करत होतो. विजयाचं श्रेय मोटारीला कितपत द्यावं, हा एक मुद्दा होता.

मग माझं लक्ष सोमाभाऊंच्या उजव्या हाताकडे गेलं. तो मांडीवर होता, मूठ अर्धवट मिटलेली, जणू आत कासरा आहे. विठोबाला वळणावर बैल आवरायला जरा उशीर झाला की ती मूठ मागे ओढली जाई. चढ आला, विठोबा ओरडायच्या आधीच मूठ सैल पडे. सोमाभाऊंचं स्वतःचं तिकडे लक्षही नव्हतं. ते मला या साली धान कसं पिकलं ते सांगत होते. मी ऐकत होतो आणि त्या हाताकडे बघत होतो. काही विचारावं असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी विचारलं नाही. वकिली सुरू केल्यापासून ही पहिलीच वेळ असेल.

सडकेच्या अलीकडे एक मोठा उतार लागतो. खाली ओढा, वर अवघड वळण. दोर ढिला पडला, मोटार स्वतःहून बैलांच्या मागे धावू लागली आणि मी घाबरून ब्रेकवर पाय ठेवला. सोमाभाऊ बोलायचे थांबले. विठोबाने एकदा मागे पाहिलं, बैलांना हलकेच बाजूला घेतलं, दोर ताणला, आणि घुंगरांचा ठेका न चुकवता सगळा लवाजमा ओढ्यात उतरवला.

मी शेजारी पाहिलं. सोमाभाऊंचा हात मांडीवर उघडा पडला होता, तळवा वर. त्यांनी तो एकदा उपरण्याला पुसला आणि धानाचं बोलणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं.